विश्लेषण : पाळीव पोपट स्वत:चीच पिसे का उपटतो? तेल-स्प्रेआधी काय तपासायला हवे?

सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढले की तळाशी पिसांचा सडा दिसतो. पक्षी दाणे खातो, शीळ घालतो, हाक मारली की मान वळवतो. पण छातीवर आणि पंखांखाली गुलाबी कातडी उघडी पडलेली असते. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते पिसे झडण्याचा मोसम आहे, कोणी उवा झाल्या म्हणते, कोणी खोबरेल तेल सुचवते. पक्ष्यांच्या दुकानातून एक स्प्रे येतो. दोन-तीन महिने असेच जातात आणि मग एके दिवशी कागदावर पिसांसोबत रक्ताचे थेंब दिसतात.

कॉकाटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा हे पक्षी आता शहरांतल्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसतात. त्यांच्याबरोबर ही तक्रारही घरात आली आहे. पोपटवर्गातील पाळीव पक्ष्यांच्या वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण दहा टक्के किंवा त्याहून अधिक पक्षी पिसांची नासधूस करताना आढळले आहेत. आफ्रिकन ग्रे आणि काकाकुवा यांत हे प्रमाण बरेच जास्त असते. रानातल्या पोपटांत मात्र हा प्रकार जवळपास दिसतच नाही. म्हणजे दोष एकट्या पक्ष्याचा नाही, त्याला ठेवले कसे आहे याच्याशीही त्याचा संबंध आहे. पण ‘कंटाळला असेल बिचारा’ असे म्हणून नवे खेळणे टांगणे हीही घाई ठरते. पिसे उपटणे हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच असे होत नाही, तसेच हे.

पिसे झडतात की उपटली जातात?

सर्व पक्षी ठरावीक काळाने जुनी पिसे टाकून नवी धरतात. पक्षी पाळणारे याला ‘मोल्टिंग’ म्हणतात. यात दोन्ही बाजूंची पिसे साधारण सारख्या प्रमाणात पडतात, कातडी उघडी पडत नाही आणि पडलेल्या पिसाच्या जागी काटेरी आवरणातले कोवळे पीस लगेच डोकावू लागते. पाळीव पोपटाच्या अंगावर तळव्याएवढी मोकळी जागा पडली असेल, तर ते मोल्टिंग नव्हे.

मग पिंजऱ्यातले पीस उचलून पाहावे. मुळापासून निघालेल्या पिसाची दांडी टोकाशी अखंड असते. कुरतडलेल्या पिसाच्या कडा दातेरी असतात, दांडी मध्येच चिरडलेली किंवा तुटलेली असते. हा फरक पुढे उपयोगी पडतो. मुळापासून उपटलेल्या पिसाच्या जागी काही आठवड्यांत नवे येऊ लागते. कुरतडलेले पीस मात्र पुढच्या मोल्टिंगपर्यंत तसेच राहते. त्यामुळे पक्ष्याने कुरतडणे थांबवले तरी तो बरेच महिने ओबडधोबडच दिसतो आणि ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणून मालक उपाय सोडून देतो.

डोक्याकडे बघा

सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी खूण डोक्यावर असते. पक्ष्याची चोच स्वत:च्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. मानेखालचे अंग उघडे आणि डोक्यावरची पिसे मात्र दाट, तुकतुकीत असतील, तर तो स्वत:च पिसे काढतो आहे. डोक्यावरचीही पिसे गेली असतील तर दोन शक्यता उरतात. एक, पिंजऱ्यातला जोडीदार ती उपटतो आहे. दोन, पिसांचा किंवा त्वचेचा आजार आहे. जोडीदाराचा संशय असेल तर दोघांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवून काही आठवडे पाहता येते. दुसऱ्या शक्यतेसाठी डॉक्टरच लागतात.

या टप्प्यावर मोबाइल कामी येतो. घराबाहेर पडताना फोन किंवा जुना टॅब पिंजऱ्यासमोर रेकॉर्डिंगवर ठेवून द्यावा. पक्षी एकटा असतानाच पिसे उपटतो की घरात माणसे असताना? दुपारी की दिवे लागल्यावर? आरामात पिसे साफ करता करता एखादे ओढतो की अचानक दचकून, ओरडून एकाच जागी चावा घेतो? शेवटचा प्रकार वेदना किंवा खाज सुचवतो. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना हे दिसणे शक्य नसते, कारण परक्या टेबलावर पक्षी घाबरून स्तब्ध बसतो. व्हिडिओ आणि तारीखवार नोंदी बरोबर नेल्या तर अर्धे काम होते.

आधी शरीर

पशुवैद्यक ‘मानसिक कारण’ या निष्कर्षाला शेवटी येतात, कारण आधी वगळायच्या गोष्टींची यादी मोठी आहे.

गंमत म्हणजे, ज्या उवांवर पहिला संशय जातो त्या घरातल्या पिंजऱ्यातील पोपटात फार कमी आढळतात. बजरीगरच्या चोचीभोवती आणि पायांवर पांढरी, खरखरीत पुटे चढली तर तो खरोखर एका सूक्ष्म कोळ्याचा प्रताप असतो. पण त्याचा पिसे उपटण्याशी सहसा संबंध नसतो. तरीही दुकानांत सुट्या बाटलीतून आयव्हरमेक्टिनचे थेंब दिले जातात. ९० ग्रॅमच्या पक्ष्याला किती थेंब, हे अंदाजाने ठरवणे जीवघेणे ठरू शकते.

त्यापेक्षा पिंजऱ्याच्या तारेकडे पाहावे. बाजारात मिळणारे स्वस्त पिंजरे गॅल्व्हनाइज्ड तारेचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले असतात. पोपट दिवसभर चोचीने तार चावतो, जस्ताचे कण पोटात जातात. जस्त आणि शिसे या दोन धातूंची विषबाधा पोपटांत चांगलीच माहीत आहे आणि पिसे उपटण्यामागेही जस्ताचा संशय घेतला जातो. पिंजऱ्यात टांगलेली घंटी, की-चेन, पडद्यातले शिशाचे वजन, जुन्या रंगाचे पोपडे हीही धातूची ठिकाणे. एक्स-रेत धातूचा तुकडा दिसू शकतो, रक्ततपासणीत प्रमाण कळते आणि वेळेत कळले तर उपचार आहेत. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा पिंजरा उत्तम. नाहीतर नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी आणि स्वच्छ धुवावी, म्हणजे निदान सुटे कण निघून जातात.

विषाणूंमध्ये सर्वाधिक धास्ती ‘पीबीएफडी’ची, म्हणजे पोपटांच्या चोच आणि पिसांच्या आजाराची. सर्कोव्हायरस गटातील विषाणूमुळे तो होतो. नवी पिसे वेडीवाकडी, आखडलेली येतात, डोक्यावरचीही जातात, काही पक्ष्यांची चोच ठिसूळ होते. यावर रामबाण औषध नाही. पिसांच्या भुकटीतून आणि विष्ठेतून तो पसरतो, माणसाला होत नाही. बजरीगरच्या पिल्लांची पंख-शेपटीची पिसे झडून ती उडेनाशी होतात, त्याला पैदास करणारे ‘फ्रेंच मोल्ट’ म्हणतात. तिथे हा किंवा पॉलिओमा विषाणू असतो. नर-मादी ओळखण्यासाठी पीस पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत आता रुळली आहे, तशीच पीबीएफडीची पीसीआर चाचणीही होते. घरात दुसरा पक्षी आणण्याआधी ती करून घ्यावी. एकट्या पक्ष्याला सोबत म्हणून आणलेला जोडीदारच आजार घेऊन आला, असे घडू शकते.

कॉकाटीलमध्ये जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी त्वचेची प्रचंड खाज निर्माण करतो, असे दिसले आहे. त्यासाठी ताज्या विष्ठेची तपासणी लागते. लव्हबर्डची सवय वेगळी. तो पंखाच्या बगलेत आणि पंखाच्या पडद्यावर कातडीच कुरतडतो, जखम भरते, खपली ओढली जाते आणि चक्र चालू राहते. (येथे एक खुलासा हवा. आपल्याकडे दुकानात बजरीगरलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. डॉक्टरांना फोनवर सांगताना हा घोळ होतो.) काही काकाकुवा छातीच्या हाडावरचे मांस फोडतात. तिथे हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, तो शस्त्रक्रियेचा होतो.

उरला आहार. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि राळे यांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता ठरलेली. त्याने त्वचा कोरडी, जाड होते आणि खाजते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर यांतून ती भरून निघते; पण जन्मभर बिया खाल्लेला पक्षी पहिल्या दिवशी गाजराला घाबरतो. किसून, वाफवून, आवडत्या दाण्यांत मिसळून आठवडेच्या आठवडे द्यावे लागते. उपाशी ठेवून नवे अन्न खायला लावण्याचा प्रयोग छोट्या पक्ष्यावर करू नये. तो खरोखर उपाशी मरतो.

तपासण्या स्वच्छ आल्या तर?

मग पक्ष्याच्या दिवसाकडे पाहावे लागते.

रानातला पोपट रोज कित्येक तास अन्न शोधण्यात घालवतो. फळ फोडायचे, कवच सोलायचे, गर काढायचा, आवडले नाही तर टाकून पुढचे झाड गाठायचे. पिंजऱ्यात हेच सारे काम वाटीतल्या दाण्यांवर थोड्या वेळात संपते. चोच आणि मेंदू उरलेल्या दिवसाचे काय करणार? हाताशी एकच गोष्ट असते, स्वत:ची पिसे.

याला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तरुण अॅमेझॉन पोपटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला अन्न शोधून, खटपट करून मिळवण्याची साधने आणि चढायला-लोंबकळायला वस्तू दिल्या. दुसऱ्याला साधा पिंजरा. ४८ आठवड्यांत साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसे बिघडली. पुढे त्यांनाही तीच साधने दिल्यावर पिसांची स्थिती सुधारली. म्हणजे हा प्रकार टाळता येतो आणि काही प्रमाणात मागेही फिरवता येतो.

२०२१ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’मध्ये आलेल्या अभ्यासाने आणखी एक दुवा दिला. घरांत पाळलेल्या ५० जातींच्या १,३७८ पोपटवर्गीय पक्ष्यांची माहिती त्यात तपासली होती. ज्या जातींना निसर्गात सोलणे-फोडणे-कुरतडणे अशी खटपट करून अन्न मिळवावे लागते, त्याच जाती पिंजऱ्यात पिसांची नासधूस अधिक करतात, असे दिसले. तुलनेने मोठ्या मेंदूच्या जाती गज चावणे, एकाच जागी येरझाऱ्या घालणे असे चाळे जास्त करतात. बोलका, हुशार म्हणून जो पक्षी महागडा मिळतो, तोच पिंजऱ्यात सर्वांत कठीण जातो, असा त्याचा व्यवहारी अर्थ.

झोप हे दुसरे दुर्लक्षित कारण. विषुववृत्ताजवळच्या पक्ष्याला १० ते १२ तासांचा अंधार आणि शांतता लागते. आपल्याकडे पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी आणि टीव्ही रात्री बारापर्यंत. लांबलेला उजेड शरीराला प्रजननाचा काळ आल्याचे सांगतो. त्यात तेलकट बिया भरपूर, घरट्यासारखी अंधारी खोकी आणि पाठीवरून फिरणारा मालकाचा प्रेमळ हात. पोपटाच्या दृष्टीने पाठ कुरवाळणे ही जोडीदाराची वागणूक आहे. हार्मोन उसळतात, जोडीदार मात्र मिळत नाही आणि राग पिसांवर निघतो. लाड करायचे तर फक्त डोके आणि मान.

पंख छाटणे हेही अनेकदा सुरुवातीचे कारण असते. दुकानात कात्रीने सरळ कापलेली पिसे बोथट, टोचरी राहतात. ती टोके साफ करता करता पक्षी चावू लागतो आणि सवय पसरत जाते.

घरात बदल कसे करायचे?

सगळे एकाच दिवशी बदलू नये. नवी जागा, नवा पिंजरा, चार खेळणी आणि नवे अन्न एकदम आले तर पक्षी भेदरतो. शिवाय नेमका कशाचा उपयोग झाला तेही कळत नाही. आठवड्याला एक बदल आणि त्याची नोंद, ही रीत बरी.

महागड्या आयात खेळण्यांची गरज नाही. पेरूची किंवा कडुलिंबाची फवारणी न झालेली फांदी धुऊन बसायला द्यावी. साल सोलण्यात पक्ष्याची दुपार जाते. मक्याचे कणीस सोलून न देता पानांसकट टांगावे. वर्तमानपत्राच्या कागदात चार दाणे गुंडाळून पुड्या कराव्यात आणि पिंजऱ्यात इकडेतिकडे खोचाव्यात. पहिल्यांदा पुडी अर्धवट उघडी ठेवून पक्ष्याला युक्ती दाखवावी लागते. नारळाची करवंटी, पुठ्ठ्याचे रोल, कणसाचे बुरकुंड हे सारे चालते. काही दिवसांत दिवसाचे निम्मे अन्न अशा खटपटीतूनच मिळेल असे पाहावे. हळव्या पक्ष्याला नवी वस्तू थेट पिंजऱ्यात न टाकता आधी दोन दिवस खोलीत लांबून दिसू द्यावी.

रोज सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा द्यावा. एसीची कोरडी हवा, सिगारेट, मच्छर कॉइल आणि उदबत्तीचा धूर यांपासून पिंजरा दूर हवा. (जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने तर पक्षी काही मिनिटांत दगावतात.) पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असावी. चारही बाजूंनी उघडा पिंजरा आणि खिडकीत फिरणारी मांजर किंवा घार, ही पक्ष्यासाठी अखंड धास्ती असते.

पिसे उपटताना ‘नको! सोड!’ म्हणून ओरडत धावणे हा सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत उलटा परिणाम करणारा प्रतिसाद. दिवसभर एकट्या बसलेल्या पक्ष्याला लगेच कळते, की पीस ओढले की घरचे धावत येतात. त्या क्षणी दुर्लक्ष करून पक्षी कागद फाडत असताना, खेळत असताना त्याच्याशी बोलावे.

रक्त आले तर काय करायचे?

पक्ष्याच्या अंगात रक्त साधारण वजनाच्या दहावा हिस्सा असते. ९० ग्रॅमच्या कॉकाटीलमध्ये नऊ मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांहून कमी. बजरीगरमध्ये जेमतेम तीन. त्यामुळे ‘थोडेसेच आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

वाढत्या कोवळ्या पिसाच्या दांडीत रक्त खेळत असते. ते मोडले तर स्वच्छ कापसाने किंवा गॉझने काही मिनिटे हलका दाब द्यावा. मोडलेल्या टोकावर कॉर्नफ्लोअर दाबता येते, उघड्या जखमेवर मात्र ती भरू नये. पक्षी टॉवेलमध्ये धरताना छाती दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर श्वासच बंद होतो. नंतर हवेशीर, अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवून दवाखाना गाठावा. रक्ताचे पीस घरी उपटण्याचा प्रयत्न करू नये.

खोबरेल, कडुलिंबाचे तेल, हळदीचा लेप, डेटॉल, माणसांचे मलम यांपैकी काहीही लावू नये. तेलाने पिसे चिकटून ऊब जाते आणि लावलेले सारे चोचीवाटे पोटात जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा तुकडाही नको.

कातडी फोडणाऱ्या पक्ष्याला डॉक्टर गळ्यात कॉलर घालतात. तो जखम भरेपर्यंतचा बंदोबस्त असतो, मूळ कारणावरचा उपाय नाही. घरी प्लास्टिक कापून केलेल्या कॉलरमध्ये पक्ष्याला खाता येत नाही, तो दांडीवरून पडतो. क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन, हॅलोपेरिडॉल अशी माणसांच्या मानसोपचारातली औषधेही काही पक्ष्यांना दिली जातात. त्यांचे परिणाम पक्ष्यागणिक बदलतात आणि वजनानुसार मात्रा ठरवणे तज्ज्ञाचेच काम आहे.

अडचण अशी, की बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात. जाण्यापूर्वी फोन करून ‘तुम्ही पोपट तपासता का, विष्ठेची आणि रक्ताची तपासणी होते का’ एवढे विचारून घ्यावे.

घरातला ‘मिठू’ असेल तर?

वरील सारे परदेशी जातींबद्दल झाले. पण महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या ओसरीवर आजही गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला हिरवा पोपट असतो. तोही पिसे उपटतो आणि त्याला दवाखान्यात न्यायला मालक कचरतो, कारण तो पाळणे बेकायदा आहे हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते.

ऐकलेले खरे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे आणि बाळगणे गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हा पोपट आणि मोठा पहाडी पोपट दोन्ही कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ‘लहानपणापासून आमच्याकडेच आहे’ हा बचाव होत नाही. पण भीतीपोटी पक्षी गच्चीवरून उडवून देणे हा त्याच्यासाठी मृत्यूच. पिसे नसलेला, अन्न शोधायला न शिकलेला पक्षी कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवले तर पक्षी उपचार आणि पुनर्वसनासाठी ताब्यात घेतला जाऊ शकतो. जखमी पक्षी घेऊन महिनोन्महिने गप्प बसण्यापेक्षा हा फोन लवकर केलेला बरा.

परदेशी जातींचेही कागद लागतात. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा अशा ‘साइट्स’ करारातील जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या यादीत नाहीत.

पिसे परत येतात का?

उत्तर किती उशीर झाला यावर अवलंबून आहे. पीस ज्या मुळातून उगवते ते वारंवार ओढले गेले की खराब होते आणि काही वर्षांनी तिथून पीस येणे थांबते. पहिल्या काही आठवड्यांत कारण सापडलेला पक्षी बहुतेकदा पूर्ववत होतो. दोन वर्षे पिसे उपटणारा पक्षी सवय सोडेलच असे नाही. तो सणासुदीच्या गर्दीत, फटाक्यांत, घरच्यांच्या लांबच्या प्रवासात पुन्हा सुरुवात करतो. आफ्रिकन ग्रे ४०-५० वर्षे जगू शकतो, कॉकाटील १५ ते २०. म्हणजे ही निगराणीही तितकीच वर्षे चालणार.

छाती कायमची उघडी राहिलेले पक्षीही नीट जगतात, फक्त त्यांची ऊब सांभाळावी लागते. थंडीत पिंजरा खिडकीपासून दूर हलवून रात्री तीन बाजूंनी झाकावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर पक्ष्याला बसवून आकडा लिहून ठेवावा. पिसे फुगवून बसलेला पक्षी धडधाकट दिसतो, पण वजन आठवडाभरात दहा टक्क्यांनी उतरले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.